वरचा ओझोन तारतो, खालचा छाती जाळतो

दरवर्षी १६ सप्टेंबरला शाळेत ओझोन दिन होतो. मुले निळी पृथ्वी काढतात, तिच्यावर छत्री धरतात आणि खाली लिहितात, 'ओझोन वाचवा'. त्यामुळे वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्ही 'ओझोनचे प्रदूषण' हा शब्द काढला की हमखास कुणीतरी विचारते, "ताई, ओझोन तर चांगला असतो ना? मग वाढला तर बरंच की!"

प्रश्न बरोबर आहे. पुस्तकात आहे तेही खरे आहे आणि आम्ही सांगतो तेही खरे आहे. वायू एकच, पण त्याची जागा वेगळी. आकाशात उंचावर असतो तेव्हा तो आपल्याला राखतो. आपण श्वास घेतो त्या हवेत उतरला की तोच फुप्फुसाला पोळतो. हा खालचा ओझोन आपल्या देशावर गेल्या चाळीसेक वर्षांत वाढत गेला आहे आणि ही वाढ आकाशातल्या उपग्रहांनी वर्षानुवर्षे मोजली आहे. ती कशी मोजली, त्यातून काय कळले आणि आपल्या गल्लीतले काय त्यात दिसत नाही, हे यावेळी आरोग्य पानावर समजून घेऊ.

एकच वायू, दोन जागा

आपण ज्यावर जगतो त्या ऑक्सिजनमध्ये दोन अणू असतात. तिसरा अणू येऊन चिकटला की ओझोन होतो. हा तिसरा अणू सैल असतो. जे समोर येईल त्याला तो चिकटतो आणि ते जाळतो, म्हणजे लोखंडाला गंज चढतो तसे काहीसे करतो. रबराला ओझोन लागला तर रबराला भेगा पडतात. पूर्वी हवेतला ओझोन ओळखायला शास्त्रज्ञ ताणलेल्या रबराच्या भेगाच पाहत असत.

पृथ्वीवरचा सुमारे ९० टक्के ओझोन जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे. तिथे तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो. ते किरण थेट खाली आले तर कातडीचा कर्करोग आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढेल. हीच ती मुलांच्या चित्रातली छत्री. उरलेला सुमारे १० टक्के ओझोन त्याखालच्या हवेत असतो. आपला प्रश्न या दहा टक्क्यांचा आहे.

खालचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही. तो हवेत शिजतो. गाड्या, ट्रक, जनरेटर, भट्ट्या आणि कोळशावर चालणारी वीज केंद्रे यांच्या धुरातून नायट्रोजनचे वायू येतात. पेट्रोल, थिनर, रंग, चिकटवायचे सोल्यूशन, जळणारा कचरा, चुलीचा धूर यांतून वाफा येतात. हे दोन जिन्नस हवेत एकत्र आले आणि वर कडक ऊन असले की ओझोन तयार होतो. सूर्य ही त्याची चूल.

म्हणून तो सकाळी कमी असतो, ऊन चढेल तसा वाढतो, दुपारी एकपासून चारच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि सूर्य कलला की उतरू लागतो. आपल्याकडे पावसाळ्याआधीचे कोरडे, तापलेले महिने त्याचे. पावसाळ्यात ढग येतात, समुद्रावरून स्वच्छ वारा येतो आणि तो कमी होतो. हिवाळ्यातले धुरके डोळ्यांना दिसते. ओझोन दिसत नाही. आकाश लख्ख निळे असतानाही तो छातीला लागेल इतका असू शकतो.

हे जगाला कळले ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. १९४३ साली तिथे लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. पुढे १९५० च्या सुमारास हागन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि तेल कारखान्यांच्या वाफा उन्हात मिळून ओझोन तयार करतात. त्याआधी कुणाला हे सुचले नव्हते, कारण दोष देण्यासारखे एकच एक धुराडे समोर नव्हते.

छातीत काय होते

धूळ नाकात, घशात बरीच अडकते. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो ओल्या नाका-घशात पूर्ण अडकत नाही. तो फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतो. तिथल्या नाजूक अस्तराला तो पोळतो, अस्तराला सूज येते, नळ्या आवळतात. कोरडा खोकला, घशात खरखर, छातीत आवळल्यासारखे वाटणे, खोल श्वास घेताना दुखणे ही त्याची लक्षणे. दमा असेल तर झटका येतो. वर्षानुवर्षे असेच चालले तर फुप्फुसाचा जुनाट आजार जडण्याचा आणि बळावण्याचा धोका वाढतो. या आजाराला दवाखान्याच्या कागदावर 'सीओपीडी' लिहितात.

'स्टेट ऑफ ग्लोबल एअर' या जागतिक अहवालाच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली ओझोनमुळे जगात सुमारे ४ लाख ९० हजार मृत्यू झाले, आणि त्यांतले जवळपास निम्मे भारतातले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. डोक्यावर पाटी घेऊन जिना चढणारी बाई त्याच्या कितीतरी पट घेते. म्हणजे हवा सगळ्यांची एकच असली तरी जो भर दुपारी अंगमेहनत करतो त्याच्या छातीत जास्त ओझोन जातो. नाक्यावरचे बिगारी, रस्ता झाडणाऱ्या मावश्या, कचरा वेचणाऱ्या बाया, हातगाडीवाले, सामान पोहोचवणारी पोरे आणि उन्हात खेळणारी लहान मुले यांच्या वाट्याला तो सर्वाधिक येतो.

आम्ही अनेक वर्षे वॉर्डात काम केले आणि आता वस्त्यांत फिरतो. रस्ता झाडणाऱ्या एका मावशींना दर उन्हाळ्यात दुपारी धाप लागायची. एका दवाखान्यात त्यांना 'ॲसिडिटी' सांगितली, दुसरीकडे 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवले. दोन्ही ठिकाणी त्या सकाळीच गेल्या होत्या, कारण ओपीडी सकाळची असते. सकाळी छाती मोकळी असायची. "धाप दिवसाच्या कोणत्या वेळी लागते आणि त्या वेळी तुम्ही काय करत असता?" हा साधा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तो विचारल्यावर, फुंकर मारून छातीची तपासणी झाल्यावर, दमा निघाला. पंप सुरू झाला तेव्हा त्यांची दुपार जरा सुसह्य झाली. धाप लागण्याची कारणे अनेक असतात, ती तपासूनच ठरतात. पण दुपारची हवा हेही एक कारण असू शकते, हे डॉक्टरांच्या आणि आपल्याही ध्यानात असायला हवे.

आकाशातून मोजतात कसे

अंगणवाडीतला वजनाचा तक्ता सगळ्यांना ठाऊक आहे. बाळाचे एका दिवसाचे वजन पाहून फार काही कळत नाही. महिन्यामागून महिना ठिपके मांडले, रेघ जोडली, की बाळ वाढते आहे की घसरते आहे ते दिसते. ओझोनचेही तसेच. एका दुपारचा आकडा वाऱ्यावर, ढगावर बदलतो. खरी गोष्ट वीस-तीस-चाळीस वर्षांच्या रेघेत दिसते. जगभरचे, समुद्रावरचे, वाळवंटावरचे ठिपके रोज मांडायचे तर एवढी यंत्रे जमिनीवर कुठून आणणार? म्हणून उपग्रह.

उपग्रह हवेचा नमुना घेत नाही. तो खाली पाहतो आणि पृथ्वीवरून परत फिरलेला सूर्यप्रकाश मोजतो. ओझोन अतिनील प्रकाश गिळतो. जेवढा प्रकाश कमी परत येतो, तेवढा ओझोन वाटेत आहे, असा तो हिशेब.

'टॉम्स' नावाचे यंत्र घेऊन अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा निंबस-७ उपग्रह ऑक्टोबर १९७८ मध्ये गेला. जगाच्या ओझोनचा रोजचा नकाशा तिथून सुरू झाला. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या यंत्राने वरचा ओझोन विरळ होत असल्याचे दाखवले, आणि ते छिद्र केवढे मोठे आहे हे उपग्रहाच्या नकाशांनी दाखवले. दोघांचा पुरावा जुळला. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, आणि फ्रिजमधले घातक वायू जगभर बंद होत गेले. वरची छत्री आता हळूहळू सावरते आहे.

खालचा ओझोन मोजणे मात्र अवघड. वरून पाहणाऱ्याला आधी नव्वद टक्क्यांचा जाड थर दिसतो आणि आपला दहा टक्क्यांचा थर त्याच्या आड राहतो. यावर १९९० च्या सुमारास नासाचे जॅक फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजाबाकीची युक्ती वापरली. एका यंत्राने वरपासून खालपर्यंतचा सगळा ओझोन मोजायचा, दुसऱ्याने फक्त वरचा मोजायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो खालचा. आम्ही दवाखान्यात तान्ह्या बाळाचे वजन असेच करतो. आईला बाळासकट काट्यावर उभे करायचे, मग एकटीला, आणि वजाबाकी करायची.

१५ जुलै २००४ रोजी गेलेल्या 'ऑरा' उपग्रहावर ही दोन्ही कामे करणारी यंत्रे एकत्र बसवली होती. 'ओएमआय' सगळा ओझोन मोजते, 'एमएलएस' वरचा मोजते. काही वर्षांपुरता बनवलेला हा उपग्रह वीस वर्षे ओलांडूनही माहिती देत राहिला. रोज दुपारी पावणेदोनच्या सुमारास, म्हणजे ओझोन चढलेला असतानाच, तो एकेका जागेवरून जात असे. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपचे 'ट्रोपोमी' हे अधिक बारीक नजरेचे यंत्र गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियाने 'जेम्स' हे यंत्र पाठवले. ते आशियावर एका जागी थांबून दिवसा तासातासाला पाहते आणि त्याच्या नजरेचा पश्चिम काठ भारतापर्यंत येतो.

चाळीस वर्षांची रेघ काय सांगते

एक उपग्रह म्हातारा होतो, दुसरा येतो. नवा काटा आणला की तो जुन्याशी जुळतो का, हे आधी पाहावे लागते. नाहीतर बाळ तेच आणि वजन एकदम अर्धा किलो वाढलेले दिसेल. म्हणून दोन उपग्रह काही काळ सोबत चालवतात, जमिनीवरून फुगे सोडून पडताळा घेतात आणि मग रेघ जोडतात. आपला भारतीय हवामान विभागही अनेक दशके पुण्याहून असे ओझोन मोजणारे फुगे सोडत आला आहे.

नासाचे जेराल्ड झीमके आणि सहकाऱ्यांनी अशा जोडलेल्या काट्यांवरून १९७९ ते २०१६ अशी ३८ वर्षांची रेघ २०१९ साली प्रसिद्ध केली. खालच्या ओझोनची सर्वांत मोठी वाढ पश्चिम आशियापासून भारत आणि पूर्व आशियावरून पुढे प्रशांत महासागरापर्यंतच्या पट्ट्यात दिसली. ती सुमारे १५ ते २० टक्के होती आणि त्यातली बरीचशी २००५ नंतरची. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे गाड्या, ट्रक, वीज केंद्रे आणि बांधकामे झपाट्याने वाढली, तोच हा काळ.

ओझोन शिजवणारे जिन्नसही उपग्रहाला दिसतात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या नकाशात मुंबई-दिल्लीसारखी शहरे लाल दिसतातच, पण सिंगरौली, कोरबा, तालचेर आणि आपल्या चंद्रपूरसारखे कोळशाच्या वीज केंद्रांचे भागही उठून दिसतात. २००५ नंतरच्या दहा वर्षांत अमेरिका आणि युरोपवरचा हा लाल डाग फिका होत गेला आणि भारतावरचा गडद होत गेला.

हा प्रश्न ताटापर्यंतही येतो. ओझोन पिकाच्या पानालाही पोळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. हे धान्य रेशनच्या हिशेबाने सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरले असते.

दोन काट्यांत फरक पडला तेव्हा

उपग्रह म्हणतो म्हणजे संपले, असेही नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या आणि २०१८ साली आलेल्या आढाव्यात एक अडचण पुढे आली. अतिनील प्रकाश मोजणारी यंत्रे म्हणत होती की खालचा ओझोन वाढतो आहे. उष्णतेचे किरण मोजणारे 'आयएएसआय' हे यंत्र मात्र घट दाखवत होते. शास्त्रज्ञांनी ही तफावत दडवली नाही, छापली.

मग तिसरा पडताळा घेतला. १९९० च्या दशकापासून काही प्रवासी विमानांवर ओझोन मोजणारी यंत्रे बसवलेली आहेत. विमान चढता-उतरताना खालपासून वरपर्यंत हवा मोजत जाते. या विमानांच्या नोंदी २०२० साली मांडल्या गेल्या. उत्तर गोलार्धातल्या ज्या ११ प्रदेशांवर पुरेशा नोंदी होत्या, त्या सगळ्यांवर खालचा ओझोन वाढलेला निघाला, आणि त्यांत भारतही होता. एका यंत्राने सांगितलेले दुसऱ्याने तपासायचे, पटले तरच मान्य करायचे, ही सवय आपण घरातही लावून घ्यावी. मोबाइलवर 'तुळस ओझोन सोडते, तिच्याजवळ श्वास घ्या' असा संदेश फिरतो. तुळस ओझोन सोडत नाही, आणि सोडत असती तर तिच्याजवळ श्वास घेणे चुकीचे ठरले असते. 'ओझोनने हवा शुद्ध' म्हणून विकली जाणारी घरगुती यंत्रेही घेऊ नका.

उपग्रहाला आपली गल्ली दिसत नाही

ट्रोपोमीचा एक ठिपका सुमारे साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद असतो. ओएमआयचा तर त्याहून कितीतरी मोठा. एका ठिपक्यात रेल्वे स्थानक, कारखाना, बंगले, टेकडी आणि आपली वस्ती असे सगळे एकत्र येते. शिवाय उपग्रह खालच्या सगळ्या हवेचा, आपल्याकडे साधारण १६ किलोमीटर उंचीपर्यंतचा, एकत्र आकडा देतो. माणसाच्या नाकाच्या पातळीवर किती, हे त्याला नीट कळत नाही. ढग असले तर त्याखालचे दिसत नाही. बहुतेक उपग्रह दिवसातून एकदाच येतात.

म्हणून उपग्रह देशाची आणि जगाची चाल सांगतो. तुमच्या नाक्यावर दुपारी तीन वाजता किती ओझोन आहे, हे सांगायला जमिनीवरचेच यंत्र लागते. आणि इथेच आपली अडचण आहे. यंत्रे मोजकी असतात आणि बहुतेक शहराच्या मधल्या भागात असतात. पण ओझोनची रीत उलटी आहे. गजबजलेल्या रस्त्यावर गाडीच्या ताज्या धुरातला एक वायू ओझोनला काही प्रमाणात खाऊन टाकतो. तीच हवा वाऱ्याने शहराबाहेर सरकते, वाटेत उन्हात शिजते आणि काठावरच्या वस्त्यांवर, गावांवर ओझोन अधिक भरतो. शहरातून उठवून जिथे पुनर्वसन केले जाते ते भाग बहुधा असेच काठावरचे असतात. यंत्र मध्यभागी असले तर त्याच्या आकड्यात काठावरची दुपार येत नाही.

भारताची मर्यादा २००९ पासून ठरलेली आहे. आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, एका तासासाठी १८०. आठ तासांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही १०० च सांगते. मर्यादा कागदावर चांगली आहे. पण २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे उद्दिष्ट धुळीच्या कणांपुरते आहे. ओझोन कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात नाही.

कमी होतो का? होतो

अमेरिकेत १९७० चा हवेचा कायदा कडक राबवला गेला. गाड्या, कारखाने, पेट्रोल पंपांच्या वाफा यांवर बंधने आली. १९८० नंतर तिथला जमिनीवरचा ओझोन चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला.

चीनची गोष्ट वेगळा धडा देते. तिथे २०१३ नंतर धूळ आणि धूर जोरात कमी केला. नायट्रोजनच्या वायूंचा डाग उपग्रहाला फिका दिसू लागला. तरी पूर्व चीनमध्ये उन्हाळ्यातला ओझोन वाढत राहिला. कारण दुसरा जिन्नस, म्हणजे वाफा, तेवढ्या कमी झाल्या नव्हत्या. आपल्याकडेही २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, नायट्रोजनचे वायू घटले, तरी अनेक शहरांत ओझोन तसा उतरला नाही, काही ठिकाणी चढला. दोन्ही जिन्नस एकत्र कमी केले तरच चूल थंड होते.

कचऱ्याचा संबंधही थेट आहे. डम्पिंग ग्राउंडमध्ये ओला कचरा सडून मिथेन वायू निघतो. तो हळूहळू हवेत ओझोन वाढवतो. २०२२ साली शास्त्रज्ञांनी ट्रोपोमी आणि आणखी बारीक नजरेच्या उपग्रहांनी दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांच्या कचराभूमींवरचा मिथेन मोजला. या शहरांतून निघणारा मिथेन कागदोपत्री हिशेबापेक्षा सुमारे १.४ ते २.६ पट निघाला. डम्पिंगशेजारी राहणाऱ्यांना नाकाने कळत होते ते उपग्रहाने आकड्यात लिहून दिले.

तोवर घरात आणि कामावर

- मार्च ते मे, दुपारी बारा ते चार या वेळेत जड काम शक्य तितके टाळा. मुकादमाशी बोलून काम पहाटे आणि संध्याकाळी वाटून घ्या. मुलांचा खेळ सकाळी किंवा ऊन उतरल्यावर ठेवा.
- तोंडाला बांधलेला रुमाल किंवा मास्क धूळ अडवतो. ओझोन वायू आहे, तो त्यातून आरपार जातो. मास्क आहे म्हणून दुपारी जास्त वेळ काम करू नका.
- घरात ओझोन बाहेरच्यापेक्षा कमी असतो. पण पत्र्याचे घर तापते, आणि उष्माघात त्याहून लवकर मारतो. म्हणून दारे-खिडक्या बंद करून कोंडून घेऊ नका. झाडाची सावली, समाजमंदिर, विहाराची ओसरी अशा थंड जागी दुपार काढा. पाणी पीत राहा.
- दम्याचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्या. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. झटक्याचा पंप कामावर जाताना सोबत ठेवा.
- कचरा, प्लास्टिक, टायर जाळू नका. थिनर, रंग, रॉकेल यांचे डबे घट्ट बंद ठेवा.
- 'समीर' ॲपवर किंवा पुण्याच्या संस्थेच्या 'सफर' सेवेवर शहराची हवा पाहता येते. नुसता रंग पाहू नका. 'मुख्य प्रदूषक' म्हणून ओझोन लिहिले आहे का, ते दुपारी पाहा. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम द्या.

पुढची लक्षणे दिसली तर थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा किंवा १०८ ला फोन करा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, पंप घेऊनही धाप कमी होत नाही.

मागायचे काय

हवा एकट्याने सुधारता येत नाही, म्हणून मागणी सगळ्यांनी मिळून करायची. महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तीन गोष्टी लेखी मागा. पहिली, शहराच्या काठावरच्या वस्त्यांजवळ ओझोन मोजणारे यंत्र आणि त्याचा दुपारचा आकडा वॉर्ड कार्यालयाबाहेर फलकावर. दुसरी, उन्हाळ्यात सफाई कामगार आणि कंत्राटी मजुरांना बारा ते चार या वेळेत उघड्यावरचे जड काम नको, आणि त्यासाठी मजुरी कापायची नाही. तिसरी, डम्पिंगवर कचरा पेटू न देणे आणि ओला-सुका कचरा खरोखर वेगळा उचलणे.

अर्जाला पुरावा जोडला तर तो सहज बाजूला टाकता येत नाही. म्हणून १ मार्चपासून घरात एक वही ठेवा. तारीख, धाप किंवा खोकला कोणत्या वेळी आला, तेव्हा काम काय चालू होते, पंप घ्यावा लागला का आणि ॲपवर ओझोनचा आकडा किती होता, एवढे पाच रकाने पुरे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या मुलीने लिहावे. मेअखेर सगळ्या वह्या एकत्र करून वस्तीचा एकच तक्ता बनवा. त्याची एक प्रत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना द्या, एक अर्जाला जोडा आणि एक वस्तीतच जपून ठेवा. पुढच्या वर्षीचे आकडे तिच्याच खाली लिहायचे आहेत.